रशीदाला कॅरिअर लागलं

६ फेब्रुवारी १९९८, शुक्रवार. जुम्म्यानंतर.
लिही, खैरून. मी सांगेन तेच लिहायचं. सून आहेस, मास्तरीण नाहीस.
आज इंग्लंडहून रशीदाचा फोन. रशीदा म्हणजे माझी धाकटी जाव. तिच्या नवऱ्याला, जहूरला, आता उठवत नाही, सगळं तीच करते. त्याबद्दल तिथलं गव्हर्न्मेंट तिला पैसे देतं! आठवड्याला अडतीस पौंड, त्याचं सरकारी पुस्तकच दिलंय, ते पोस्टात दाखवून पैसे घ्यायचे. माझ्या मुलाने, मुनीरने, त्याचे दिरहम केले, मग दिरहमचे रुपये केले. रुपये झाल्यावर मी पाणी प्याले.
वर म्हणते, भाबी, मी आता कॅरिअर आहे, गव्हर्न्मेंटची. खैरून म्हणते, केअरर असेल, म्हणजे आजाऱ्याचं करणारी. कॅरिअर आम्हाला माहीत आहे. सायकलला मागे असतं, त्याच्यावर माशाची टोपली बांधतात.
मला हेवा नाही.

तासाभराने.
हेवा नाही हे लिहिलंस ना? वाचून दाखव.

७ फेब्रुवारी.
नवऱ्याचं करायचा पगार! आणि कुणाला, तर रशीदाला. बांगड्याचं पोट साफ करायचं असतं, हे तिला मी शिकवलं. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात ही तीन वेळा चक्कर येऊन पडली. सासूला सोडून आम्ही हिलाच वारा घालत होतो.
मी इथे शारजात चौदा महिने यांचं करतेय. लकव्याने उजवी बाजू गेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, पेज भरवायची, अंग पुसायचं, दाढी करायची. काल मुद्दाम विचारलं, जहूरची दाढी कोण करतं गं? म्हणाली, नर्स येते. म्हणजे दाढी नर्सची आणि पौंड हिचे.
ठराव: मोठ्या ईदच्या आत मलाही इथलं सरकारी पुस्तक मिळालं पाहिजे. रशीदाच्या पुस्तकापेक्षा जाड.

११ फेब्रुवारी.
मुनीरला ठराव सांगितला. रास अल खोरच्या गोडाऊनमधून दमून आला होता. म्हणाला, अम्मा, असलं काही आपल्याला मिळत नाही, आपण बाहेरचे. मुनीरला लहानपणापासून फॉर्म भरायचा कंटाळा.
पण मला एक मुद्दा सापडला आहे. मुनीर प्रत्येक काउंटरवर माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, मदर, डिपेंडंट व्हिसा. अलिनाला विचारलं, डिपेंडंट म्हणजे काय? नात पाचवीत आहे, इंग्लिशमध्येच शिंकते. म्हणाली, दादी, लाइक, दादा डिपेंड्स ऑन यू. ही कान्ट डू एनीथिंग विदाउट यू.
खलास! म्हणजे ज्याच्यावाचून घर चालत नाही, तो डिपेंडंट. सरकारने मला आधीच नेमलेलं आहे, फक्त पगार चालू व्हायचा राहिलाय.
खैरून हसतेय. हसू नको, लिही.

१४ फेब्रुवारी. सकाळी अकरा.
खालच्या टायपिंग सेंटरमध्ये जाऊन आले. अरबी अर्ज करायचा तर तिथेच. खैरूनला यांच्याजवळ बसवलं, मुनीरच्या पासपोर्टची झेरॉक्स घेतली आणि एकटी गेले. टाइप करणारा रफिक, केरळचा, फार अदबीचा मुलगा. त्याला माझ्या हिंदीत सगळं सांगितलं. घर में बुढ्ढा मरीज है, नहलाने का, खिलाने का, चोवीस घंटे का काम, महिने का पगार मंगता, गव्हर्न्मेंट का कागद बनाओ.
त्याने पेशंटचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव मी बेचाळीस वर्षांत घेतलेलं नाही, टायपिंगसाठी कुठे घेऊ? म्हटलं, मुनीर का अब्बा. दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलं. शेवटी त्याने झेरॉक्स पुढे ओढली. म्हणाला, तो फिर स्पॉन्सर मुनीर, और आप डिपेंडंट? मी म्हटलं, मीच! दुसरी कोण?
समझ गया, अम्मा, म्हणाला. मशीन खडखड वाजलं. मी अंगठा द्यायला पुढे केला तर म्हणाला, इसमें बेटे का साइन चाहिए. ठीक आहे. शिपायाची सही लागतेच.

संध्याकाळी.
मुनीरने कागद वाचला. आधी हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसायचा थांबला, पाणी तसंच राहिलं. अर्ज खद्दामा आणायचा निघाला. घरकामाच्या बाईच्या व्हिसाचा.
मुनीर माझ्या पायाशी बसून म्हणाला, अम्मा, तुला झेपत नव्हतं तर मला सरळ सांगायचं होतंस. चौदा महिने मला दिसलं कसं नाही?
आता काय सांगणार? म्हटलं, हो रे, तेच होतं माझ्या मनात.
तसं बघितलं तर वाईट काय? रशीदाला पैसे दिले, मला माणूस देणार. पैसे कधी कुणाच्या हाताखाली काम करतात का?

१९ एप्रिल.
मोठी ईद गेली, पुस्तक नाही, बाई आली. नाव सोमा, श्रीलंकेची. हिंदी तोडकी, मराठी शून्य. माझी ऑर्डर स्वच्छ आहे: पेज, दाढी आणि कूस माझ्याकडे. सोमाने फक्त बादली उचलायची.

२२ एप्रिल.
सोमाने कूस बदलली. माझी कंबर धरली होती, म्हणून एकच दिवस ते काम तिला दिलं. चूक काढायला खुर्ची टाकून बसले. दोन तास बसले. चूक सापडली नाही. ती खुर्ची बदलायला पाहिजे, नीट दिसत नाही तिच्यावरून.

२६ एप्रिल.
यांनी सोमाच्या हातून पेज खाल्ली. सगळी. माझ्या हातून चौथ्या चमच्याला तोंड फिरवतात. सोमा काही तरी सिंहली गुणगुणते आणि हे लहान मुलासारखं आ करतात. बेचाळीस वर्षं मी गायले नाही ते बरंच केलं म्हणायचं!
मला हेवा नाही. पेजेत मीठ जास्त असणार. पातेल्यातली चाखली. बरोबर होतं.

१ मे.
पगाराचा दिवस. जेवणं झाल्यावर मुनीर पाकीट घेऊन आला. पांढरं, जाड. सरळ माझ्याकडे आला. माझा हात आपोआप पुढे गेला. मनात म्हटलं, पोराला कळलं शेवटी. त्याने पाकीट माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, अम्मा, तू मोठी आहेस, तुझ्या हाताने सोमाला दे.
दिलं. इथल्या सगळ्यांनी बघितलं की मी हसत दिलं. खैरून, तू पण बघितलंस. हसतच होते ना मी?
खैरून म्हणते, हो. चांगली सून आहे.

१२ मे.
आज दाढीसुद्धा सोमाने केली. मी ठरवूनच उशिरा उठले, बघू या कोणाची वाट बघतात ते. उठले तर गाल चकचकीत. उजव्या बाजूला एक केस नाही. तिथे माझा हात कधी पोचायचाच नाही.
आरशात बघून हे हसले. अर्ध्या तोंडाने का होईना, पण हसले. मला नाही, आरशाला. आरसा सोमाच्या हातात होता.

२९ मे, शुक्रवार.
रशीदाचा फोन. या वेळी मी आधी बोलले. सांगितलं, इथल्या गव्हर्न्मेंटने मला हाताखाली माणूस दिलाय, पगारी. रशीदाने मला माशाल्ला म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा!
मग म्हणाली, भाबी, मग तू काय करतेस? मी म्हटलं, म्हणजे काय? म्हणाली, नाही, आमच्याकडे तास मोजतात. आठवड्याचे पस्तीस तास भरले तरच तुम्ही त्याचं करता असं धरतात. नाहीतर नुसती बायको. तुझे किती भरतात?
म्हटलं, पस्तीस? ते तर माझे एका दिवसात भरतात! आणि लाइन खराब आहे म्हणून फोन ठेवला.
खैरून, बस इथे. मोज.
अंघोळ, सोमा. पेज, सोमा. कूस, सोमा. दाढी, सोमा.
भांडण, मी. ते दुसऱ्या कुणाला जमत नाही, सोमाला तर भाषाच येत नाही. मी बोलायचं, मग यांनी अर्ध्या तोंडाने उलट उत्तर द्यायचं, ते मला समजायचं, मग मी पुन्हा. वेळ लागतो. रोजचा अर्धा तास धर.
खैरून म्हणते, आठवड्याचे साडेतीन होतात. चार लिही.

संध्याकाळी सहा.
आजचा अर्धा तास भरायला गेले. म्हटलं, त्या बाईने पेज गार दिली असेल? मान हलवली, नाही. मीठ कमी होतं? नाही. अंगात गंजी उलटी घातली आहे तुमच्या, ही काय पद्धत? यांनी डावा हात उचलला, माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं, जसं रडणाऱ्या मुलाला थोपटतात, आणि म्हणाले, सगळं ठीक आहे. मग डोळे मिटले.
उभी राहिले थोडा वेळ. उठतील, काही तरी बोलतील. घोरायलाच लागले.
खैरून, ते चार खोड.
तीन लिही.