शनिवारपुरतं गप्प बसण्याबाबत

बुधवार

तीर्थरूप मोठे काका यांस,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सुजल्यामुळे टेकत नाही, तेव्हा सात अंगांचाच धरावा.) तुमचा रक्तदाब आणि काकूंची दाढ कशी आहे? काळजी दोन्हींची सारखीच आहे. दाढ नंतर लिहिली म्हणून काकूंनी वाईट वाटून घेऊ नये.

आमच्या फुटबॉल संघाचं यंदा कसं काय, असं तुम्ही विचारलं होतंत. चौथीपर्यंत तुम्ही मला घरी शिकवलंत तेव्हा वर्गात मी एकटीच, त्यामुळे पहिला नंबर माझा आणि शेवटचाही माझाच. इथे आम्ही अकराजणी आहोत आणि तरी शेवटचाच नंबर तेवढा आमच्याकडे आहे. गेल्या वर्षी नऊ सामने झाले, नऊही हरलो. यंदा एक तरी सामना बरोबरीत सुटला नाही तर संघ बंद आणि मैदानावर गाड्या उभ्या करणार, असं प्राचार्यबाईंनी लेखी कळवलंय. त्यातल्या त्यात आशा आहे ती शनिवारच्या पहिल्या सामन्याची, कारण समोरचा संघ आमच्या फक्त एक नंबर वर आहे. बाकीच्यांशी बरोबरी करू असं म्हणणं म्हणजे तराजूला अंगठा लावणं. (तुम्ही वजनमापे खात्यात तीस वर्षं असे अंगठे पकडलेत, म्हणून हा दाखला.)

संघाची तयारी म्हणाल तर पुढे खेळणारीला आम्ही वादळ म्हणतो. ती आली की सगळं उलथंपालथं होतं, पण बहुतेक वेळा आमच्याच बाजूचं. आमचे प्रशिक्षक मूळचे कॉलेजचे ग्रंथपाल. माणूस सज्जन, फुटबॉलवरची पुस्तकं कोळून प्यायलेला. पण बावीस वर्षं कुजबुजून बोलण्याची सवय असल्याने त्यांची एकही सूचना मैदानात पोचत नाही. आणि गोलात मी.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. गेल्या वर्षीचा नववा सामना आम्ही हरलो तो माझ्यामुळे. शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि अजून शून्य-शून्य होतं. चेंडू माझ्या हातातून निसटून रेषेच्या आत गेला, चांगला चार बोटं. मी तो ओढून घेतला. रेफरी तेव्हा बुटाची नाडी बांधत होते. कुणालाच काही दिसलं नव्हतं. मी जाऊन त्यांना सांगितलं, आणि बोटं ठेवून अंतरही दाखवलं. त्यांनी आधी माझे आभार मानले, मग गोल दिला. समोरच्या मुलींनाही इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्यांनी उड्यासुद्धा बेताच्या मारल्या. आमची कॅप्टन मात्र माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुला कुणी विचारलं होतं का गं?"

"नाही."

"मग?"

"म्हणूनच तर सांगावं लागलं."

ती पुढे काय म्हणाली ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही. मला संघातून काढायचंच ठरलं होतं, पण ग्लोव्हज घालायला दुसरी कुणी पुढे येईना. (आत पाल सापडली होती. आता नाही.) म्हणून सध्या मला गप्प बसण्याचा सराव देतात. वादळ मला गोल मारते, सगळ्याजणी आभाळाकडे बघतात आणि मी तोंड मिटून वीसपर्यंत आकडे मोजायचे. सरांनी वाचनालयातली "शांतता राखा" ही पाटी आणून गोलच्या मागे लावलीय. या एका विषयात त्यांचं मार्गदर्शन अप्रतिम आहे. पहिल्या दिवशी मी चारवरच कबुली दिली. काल सोळापर्यंत गेले, पण हात आपोआप वर आला. संघाचं भवितव्य त्या उरलेल्या चार आकड्यांवर आहे.

अडचण अशी की प्रत्येक वेळी मला बिस्किटांचा डबा दिसतो. मी सात वर्षांची असताना अर्धं बिस्कीट खाल्लं होतं आणि तुम्ही डबा वजन करून पकडलं होतंत. "विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हेही खोटंच, फक्त आळशी खोटं," असं म्हणाला होतात. ते वाक्य मी शंभर वेळा लिहिलं. (खरं तर नव्याण्णव. हे आज पहिल्यांदाच सांगतेय.)

काकूंना नमस्कार.

तुमची एकुलती एक विद्यार्थिनी

ता. क. : पत्राचं खरं कारण हे, की ते वाक्य शनिवारी दुपारी तीन ते पाच एवढ्यापुरतं मागे घेता येईल का? दोन ओळींचं उत्तर पुरे.

दुसरा ता. क. : कॅप्टनचं म्हणणं, सामन्याआधी तुमचं उत्तर आलं नाही तर मौन म्हणजे संमती धरायची. मी म्हटलं, काकांना ते चालणार नाही. ती म्हणाली, त्यांना कुठे कळणार आहे?

तिसरा ता. क. : वर बुधवार लिहिलाय तो खरा आहे, पण पत्र आज शनिवारी सकाळी पेटीत टाकतेय. पेटी चार वाजता उघडते. तुम्ही विचारलं नव्हतंत, तरी सांगितलं.