दिवेलागणीला दिलेला पासवर्ड

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची कोपरखैरण्याला. गावातून निघताना शेजारणींनी डोळे पुसले, माझे मात्र कोरडेच होते. कराडला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून सगळी नोकरी काढली, निरोप पचवायची सवय आहे. धाकटा भाऊ बाबासो वाशीच्या मार्केटात माथाडी आहे. टेम्पो त्यानेच आणला, सामान त्यानेच वर चढवलं, आणि दर जिन्याला थांबून विचारलं की आक्का, ही पुस्तकं आहेत का बटाट्याची पोती.

यायचं कारण एकच, दर्शी. लेकीचं नाव प्रियदर्शिनी, पण एवढं मोठं नाव मी रागावले तरच घेते. ती कॅनडात, दिवस भरत आलेले, आणि मला काही व्हिसा मिळाला नाही. पहिलं बाळंतपण आणि आई जवळ नाही, हे मला अजून गिळवत नाही. गावात रेंज शोधायला टेकाडावर चढावं लागतं. म्हणून जावईबापूंनी, उदयसिंहांनी, लॅपटॉप पाठवला आणि बाबासोने त्याच्या घराजवळ ही खोली बघितली. आता रोज लेकीचं तोंड दिसेल.

घरमालक धर्मराज इथलेच आगरी. बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या वडिलांच्या भातशेतीवर. त्यांची आई पुतळाबाई गेटाशी जवळा निवडत बसलेली असते. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, बाय, दिवं लागल्यावर घरातला कोनाला काय देव नको, मीठ नको, विरजान नको. मी म्हटलं, आमच्याकडेही पाळतात. ती म्हणाली, पाल मंग. सासूच जशी.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज राउटर बसला. दिपेश म्हणून वायरवाला आला, भिंतीला भोक पाडलं, पांढरी डबी लावली आणि आंटी सिंपल आहे म्हणत पसार झाला. प्लग देव्हाऱ्याशेजारीच आहे, त्यामुळे समईच्या बाजूला आता दोन शिंगांचा हा नवा देव. मी त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

सिंपल कसलं. नाव आणि पासवर्ड डबीच्या पोटावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. लॅपटॉपवर बोट फिरवलं की बाण भलतीकडेच पळतो. पासवर्ड सारखा चुकीचा, कारण मोठं अक्षर काढायला शिफ्ट दाबून धरायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी दर्शीने फोनवरून धडे दिले. कंपनीचा पासवर्ड काढून माझा स्वतःचा घालायचा, आणि तो कुठेही लिहायचा नाही. म्हणून इथेही लिहीत नाही. मोबाइलवर एक अ‍ॅपही घेतलं. आपल्या वायफायवर कोण कोण आहे ते त्यात दिसतं. लॅपटॉप हजर, मोबाइल हजर. वसतिगृहातली संध्याकाळची हजेरी आठवली आणि फार बरं वाटलं.

मग पडद्यावर दर्शी आली. गाल भरलेत, डोळ्यांखाली काळं आलंय. तिने उभं राहून पोट दाखवलं. मी रडले. बाबासोही रडला, पण कांद्याच्या गाडीवर होतो म्हणाला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मोठी गंमत. समई लावून उठतेय तर दाराच्या जाळीपाशी एक बाई. समोरच्या खोलीतली असावी. पोटुशी, पदर डोक्यावरून, हात चौकटीला टेकलेला. तुमच्याकडे वायफाय आलंय म्हणे, पासवर्ड जरा द्या ना, आईला फोन लावायचाय, लागतच नाही. उद्या परत देते म्हणाली. पासवर्ड परत देणारी पहिलीच बघितली.

खरं सांगते, छाती फुगली माझी. कालपर्यंत मला शिफ्ट माहीत नव्हतं आणि आज लोक माझ्या दारात पासवर्ड मागायला येतात. एकेक अक्षर करून सांगितलं, मोठं कुठलं, छोटं कुठलं. मीठ मागितलं असतं तर दिलं नसतं, पुतळाबाईंचा शब्द मोडला नाही. बिचारीला तिची आई भेटली असेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

हजेरीत आता तिसरं यंत्र दिसतं. नावाच्या जागी नुसती रेघ. त्या बाईचा फोन असेल. दिवसा नसतो, समई लावली की येतो.

दर्शी म्हणाली, काल संध्याकाळी अंधारात का बसली होतीस आई, तुझं तोंडसुद्धा नीट दिसत नव्हतं. काल संध्याकाळी मी बाबासोबरोबर वाशीला होते, भाजी घ्यायला. लॅपटॉप घरी, मिटलेला. तसं सांगितलं तर हसली. म्हणे मी तिला तेच तेच विचारत होते, बाळ फिरतं का, खाली सरकलंय का, कधी येणार. आता नववा महिना, झोप नसते, दिवसांचा गोंधळ होत असेल. मी विषय बदलला. तेव्हापासून मात्र हात कामाला लागेना. दोनदा भात करपवला.

१० नोव्हेंबर, सोमवार

समोरच्या दाराला कुलूप आहे. कुलपावर गंज. मी इतके दिवस बघितलंच कसं नाही.

धर्मराजना त्या पोटुशी बाईचं विचारलं. म्हणाले मावशी टेन्शन नको, ती खोली बंदच असते, आत पाण्याच्या टाकीचे पाइप आहेत. मग समोर कोण राहतं, विचारलं तर गाडीची किल्ली फिरवत निघून गेले. पुतळाबाई जवळा निवडायची थांबली. तिने मला जवळ बसवून सांगितलं. समोर सोनल नावाची भाडेकरीण होती, बालतपनात गेली, पोर पन नाय वाचला. नवरा कामावर. कला येत होत्या तवा सारकी आयशीला फोन लावत होती, लागतच नव्हता. मग तिने विचारलं, तिला काय दिलास काय गो? मी म्हटलं, नाही. मीठ नाही, विरजण नाही. आणि बोलता बोलताच मला पासवर्ड आठवला.

पासवर्डाचं सांगितलं. म्हातारीला पासवर्ड म्हणजे काय ते कळेना. मी म्हटलं, घराची किल्ली समजा. तिने कपाळाला हात लावला. ती मागून मिलायची नाय आता, म्हणाली, दिलेला परत येत नाय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पासवर्ड बदलला. एकटीने, कुणाला न विचारता. हजेरी घेतली, लॅपटॉप, मोबाइल, बस. जरा जीव खाली बसला.

समई लावली आणि रेघ परत आली. नवा पासवर्ड मी तोंडाने उच्चारलासुद्धा नव्हता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाबासो म्हणतो हॅक झालंय आक्का, असं खूप होतं आजकाल. त्याचं तोंड मात्र पांढरं. जाताना देव्हाऱ्याकडे बघितलं नाही.

दर्शीला फोन केला. सगळं स्पष्ट सांगितलं, संध्याकाळी मी तुझ्याशी लॅपटॉपवरून बोलत नाही, ती मी नाही, तो फोन घेऊ नकोस. तर ती परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली. म्हणाली, आईने मला कालच सांगून ठेवलंय की हुबेहूब तिचा आवाज काढून कुणीतरी फोन करेल, घाबरवेल, आजकाल आवाजाची नक्कल करून फसवतात. मी तिची बारशाची आठवण सांगितली, पायावरचा डाग सांगितला. रडतच तिने फोन ठेवला. त्यानंतर माझा नंबर लागतच नाही.

लागतच नाही — हे शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकले होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबासोने फोन लावला, त्याचाही नंबर बंद केलाय. उदयसिंहांना मेसेज टाकला. उत्तर आलं, आई आमच्याशी रोज बोलतायत, तुम्ही कोण आहात, पुन्हा त्रास दिलात तर तक्रार करू.

तुम्ही कोण आहात. दिवसभर घरात फेऱ्या. बसले की उठते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डबीची वायर उपटली. डबी बादलीत बुडवली. पाण्यात हिरवा दिवा तसाच — बघत बसवेना. झाकण ठेवलं.

लॅपटॉप बाबासोकडे दिला होता. संध्याकाळी देव्हाऱ्यापाशी होता. बाबासो म्हणतो, आक्का, तूच येऊन घेऊन गेलीस की. मी जिना उतरले नव्हते —

आज समई लावलीच नाही. तरी लागलेली —

१७ नोव्हेंबर

मुलगी झाली. मला कुणी कळवलं नाही. लॅपटॉप आपोआप उघडला, त्यात दर्शीने फोटो पाठवलाय, खाली लिहिलंय, आई, तू म्हणालीस तशीच झाली, तुझंच नाक. दोघी सुखरूप.

सुखरूप. नात झाली मला. हसू की काय करू — तोंड उघडलं तर आवाज नाही. घसा दुखत नाही, काही नाही. नुसताच नाही. जाळीपल्याड मात्र कुणीतरी अंगाई म्हणतंय, दर्शीसाठी मी म्हणायचे तीच —

आवाज माझाच.

१८

पुतळाबाईला कागदावर लिहून दाखवलं. तिला वाचता येत नाही. माझ्या तोंडाकडे बघून ती मागे सरकली, आत गेली. दार लावलं.

धावत वर आले. दिवेलागण होतेय —

आता

लॅपटॉप उघडा. दर्शी दवाखान्यातल्या पलंगावर, खिडकीत सकाळचं ऊन, कुशीत गुंडाळलेली नात. कोपऱ्यातल्या लहान चौकटीत मी. माझं लुगडं, माझा चष्मा, मागे समई. पण मी भिंतीशी आहे. लॅपटॉपसमोर कुणीच नाही. पाय हलत नाहीत. फक्त हात चालतोय. मोठं लिहून वही वर धरते, दिसेल तिला, माझं अक्षर ओळखेल ती —

चौकटीतल्या मीने वळून इकडे बघितलं. हसली.

तिला म्हणतेय, दर्शे, जरा दे ना इकडे. उद्या परत देते.

दर्शी हसतेय. दुपटं सारखं करतेय. दोन्ही हातांनी बाळ पुढे —

प्रियदर्शिनी, वाच

दिवे लागलेत

कुणी मागितलं तरी

देऊ न