डाव्या हाताचं तिसरं बोट

९ नोव्हेंबर, रविवार
कराडला युकुलेलेचा क्लास. आजचा दुसरा. सायली मॅडम माझ्या श्वेतापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. म्हणाल्या, "काका, रोज काय साधायचं ते आधी लिहा, मग वाजवा. नुसतं टिणटिण करून हात बसत नाही." म्हणून हे लिहिणं.
वाद्य श्वेताचं, चार तारांची बारकी गिटार. कॉलेजात हौसेनं घेतलं, दिवाळीला घरी आणून टाकलं. "बाबा, मदुराईहून आल्यापासून नुसते पडून असता. हे शिका." चेष्टा म्हणून हातात घेतलं आणि सुटेना.
ध्येय: C कॉर्ड स्वच्छ. एकच बोट लागतं, अनामिका. मॅडमच्या हिशोबात तिसरं बोट.

१२ नोव्हें.
सकाळी गच्चीवर. C, Am, F. F ला दोन बोटं, जमतात.
शेजारचा तात्या खालून ओरडला, "गलाईवाला गडी, सोनं-चांदी आटवायची सोडून हे काय खेळणं घेतलंयस रं?" नंदा, माझी बायको, वर येऊन म्हणाली, "आवं, लोक इचारत्यात, बारकं पोरगं आलंय का घरात." हसलो. विट्यात घराघरातला माणूस परमुलखात भट्टीपुढं बसलेला, मीही निम्मं आयुष्य तेच केलं. त्यातल्या कुणी असलं काही वाजवलेलं ऐकलं नाही.
मदुराईचं दुकान सध्या संभा बघतो. धाकटा भाऊ. मी पोटामुळं आलो. जेवण जाईना, दम लागायचा. तिकडचं पाणी सोसलं नाही म्हणतात सगळे. तेच असणार.

१६ नोव्हें., रवि.
क्लास. C वरून G. G ला तीन बोटं. तिसरं बोट खालच्या तारेवरून उचलून शेजारच्या तारेवर न्यायचं, एवढंच. इतर दोन बोटं पोचतात, हे मागं राहतं.
मॅडम: "दाबताय छान. आवाज गोड येतो. पण सोडताना अडकतं." नंतर, "तुम्ही डावरे ना? मग तुम्हाला उलट सोपं जायला पाहिजे. कॉर्ड सगळे डाव्याच हातानं."
अंगठा वाद्याच्या मानेमागं, मधोमध. मनगट सैल. बोट तारेपासून लांब न्यायचं नाही.
ध्येय: C–G, C–G. मेट्रोनोम अगदी हळू. श्वेतानं ठोके मोजणारं ॲप घालून दिलंय.

२० नोव्हें.
आज एक झालं. उजवा हात माझ्या नकळत चालला. खाली, खाली-वर, वर-खाली-वर. मी भिंतीकडं बघत होतो आणि हात आपला चाललाय. लय बरं वाटलं. नंदाला हाक मारली तर ती गिरणीत गेलेली.
डावा तसाच. मोबाईलवर शूटिंग घेऊन बघितलं. बाकीची बोटं वर येतात, तिसरं तारेवरच पडून. मधलंही जरा जडच. नवशिक्यांचं असंच होत असेल.
संभाचा फोन. लग्नसराई, चांदी भरपूर आली आहे. "दादा, तू कवा येतूस?" त्याची लेक ओवी फोनवर आली, चार वर्षांची. "काका, गाणं." F वाजवला. खिदळली. मागून वैशाली, संभाची बायको: "आठवडा झाला, धड जेवत न्हाई भाऊजी. पोट दुखतंय म्हणती." पाणीच तिकडचं.

२३ नोव्हें., रवि.
मेट्रोनोमचा वेग मागच्या रविवारी होता त्याच्याही खाली आणावा लागला. सराव तर एक दिवस चुकवला नाही.
मॅडमनी वाद्य बाजूला ठेवलं. पंजा टेबलावर पालथा ठेवा म्हणाल्या. एकेक बोट उचला. अंगठा. तर्जनी. मधलं जरासं. तिसरं...
त्यांनी आपलं बोट उचलून दाखवलं, मला कळलं नसेल अशा समजुतीनं. सगळा जोर लावला. कपाळाला घाम आला. बोट टेबलावरच. उजव्यानं केलं तर सहज.
खालच्या झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन तेवढं ऐकू येत होतं.
"काका, हे सरावानं होण्यातलं नाही. कुणाला तरी दाखवा."
नंदाला सांगितलं नाही.

२५ नोव्हें.
ध्येय: काही नाही. फक्त बोट उचलणे.

२६ नोव्हें.
मोटारसायकलवरून खानापूर नाक्याकडं निघालो होतो. पुढं एक म्हातारी आडवी आली. क्लच दाबला, गाडी थांबली. ती गेली. आता क्लच सोडायचा तर बोटं उघडेनात. दाबलेली राहिली. मागचा ट्रकवाला हॉर्न मारतोय. उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं एकेक करून सोडवली.
गाडी ढकलत घरी आणली. पंक्चर म्हणून सांगितलं. नंदानं टायरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

२९ नोव्हें.
देवापुढं उभा होतो. नंदा म्हणाली, "आवं, हात नीट जोडा की." बघतो तर डावा पंजा उजव्याला टेकून उभाच राहत नाही. मनगटातून खाली लोंबतोय. मोडल्या फांदीगत.
तिनं हातातलं तबक खाली ठेवलं. माझा हात हातात घेऊन सरळ केला. सोडला. पडला. परत सरळ केला.
"कवापासनं?"
सांगितलं सगळं.
"आन तुमी वाजवत बसलासा."
वाजवत बसलो म्हणून तर कळलं. हे तिला म्हटलं नाही.

२ डिसेंबर, मंगळ.
मिरज. नंदा बरोबर. नसांचे डॉक्टर, वय झालेले, सावकाश बोलणारे. दोन्ही हात पुढं करायला लावले, तळवे खाली. डावा पडला. हिरड्या बघितल्या. पोटाचं विचारलं. त्यांना पोटाचं काय, असं मनात आलं.
"गाव?"
"विटा."
पेन थांबलं. "गलाई?"
"व्हय."
"चांदीसुद्धा? शिसं घालता त्यात?"
घालतोच. जुनी चांदी शुद्ध करताना शिसं घालावंच लागतं, भट्टीत ते जळून जातं. तसं बोललो.
"जळून कुठं जातं?"
धूर. बारीक पिवळी पूड. भुवयांवर, बाहीवर, भाकरीच्या डब्याच्या झाकणावर. रोज झटकायचो.
रक्त दिलं. निघताना विचारलं, "तिथं आता भट्टीवर कोण बसतं?"
"भाऊ."
"त्यांनाही तपासायला सांगा. लवकर."
येताना यष्टीत नंदा खिडकीबाहेर बघत होती.

४ डिसें.
संभाला फोन. नीट समजावून सांगायचं ठरवलं होतं, जमलं नाही.
"दादा, आबा करत हुते, तू केलंस, गावातली निम्मी माणसं करत्यात. सगळ्यांचं हात पडल्यात व्हय?"
"तू एकदा रक्त तपास गड्या."
"सीझनमधी? भट्टी बंद ठेवू? गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातंय बघ." मग, "तुला यायचं न्हाई, तर तसं सांग. मला भ्या कशाला घालतूस?"
फोन ठेवला त्यानं.
आबांचे, आमच्या वडिलांचे, हात शेवटी कसे होते ते आठवायचा प्रयत्न करतोय. ते बसून असायचे. हात मांडीवर. कायम मांडीवरच.

७ डिसें., रवि.
क्लासला जाणार नव्हतो. नंदानंच लावून दिलं. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी वाद्य माझ्या हातात दिलं. "पहिलं आणि दुसरं बोट आहे ना? F आणि Am. दोन कॉर्डवर पण काहीतरी होतं." शेजारी बसून त्या गुणगुणल्या, मी बदलत राहिलो. पहिलं बोटही आता उशिरा निघतं, त्यांनी गाणंच तेवढं सावकाश घेतलं.
ध्येय: आहे ते राखणे.

९ डिसें.
मिरजेहून डॉक्टरांचा फोन. शिसंच. बरंच आहे रक्तात. पोट, दम, हात, सगळं त्याचंच. गोळ्या चालू करायच्या, भट्टीपाशी परत जायचं नाही. "हात बहुतेक येईल परत. महिने लागतील. वेळेत आलात."
नंदा देवापुढं जाऊन बसली. मी हसत होतो बहुतेक.
मग ते म्हणाले, "दुकान कुठं आहे? म्हणजे आजूबाजूला काय? वर कोण राहतं?"
वर.
वर संभाचं बिऱ्हाड. जिना भट्टीच्या खोलीतूनच निघतो. ओवी त्या जिन्यावर बसून खेळते, भातुकली मांडते. त्या पायऱ्या पिवळ्या दिसतात उन्हात.
"लहान मूल आहे का घरात?" डॉक्टर.
आहे म्हणालो.
"तिला तिथून हलवा. आज होत असेल तर आज."

१० डिसें.
संभा फोन घेत नाही. वैशालीनं घेतला. हळू आवाजात, गच्चीवरनं बोलत होती. ओवी चार दिवस झाले नुसती पडून असते. हाक मारली की जरा वेळानं बघते. परवा जिन्यावरनं उतरताना पडली. तिथले डॉक्टर जंत म्हणाले, औषध दिलं.
"ह्यांना इचारलं तर म्हणत्यात, दादानं तुझं पण डोकं फिरवलं."
मी म्हणालो, वैशाली, तू निघ.
"काय सांगून?"
नंदानं माझ्या हातातून फोन घेतला. "तुझी आई आजारी हाय म्हणून सांग. तिला मी समजावते. कपडे तिथलं काय आणू नगंस, ती पूड असती त्यात. अंगावरच्यावर ये."

१३ डिसें.
नंदा आणि मी पहाटेपासून मिरज स्टेशनवर. वैशाली उतरली. ओवी खांद्यावर. मला वाटलं झोपली आहे. डोळे उघडे होते. "ओवी, काका आले बघ." माझ्याकडं बघितलं, पण ओळखल्यासारखं नाही. उन्हाळ्यात माझ्या पाठीवर बसून दुकानभर फिरायची. चेहरा पांढराफटक.
स्टेशनवरून थेट दवाखाना. त्याच डॉक्टरांनी लहान मुलांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. लगेच ॲडमिट केलं. आज काही बोलणार नाहीत, रक्ताचं येऊ दे म्हणाले. पण दोघं दाराबाहेर उभं राहून बोलत होते आणि आम्ही बघतोय म्हटल्यावर थांबले.
वैशालीनं पदरानं तोंड पुसलं आणि पदराकडंच बघत राहिली.

१४ डिसें., रवि.
क्लास चुकला. मॅडमना काल ओवीचं कळवलं होतं, त्यांचा मेसेज, मुलगी कशी आहे.
ओवी सकाळी पाणी प्यायली. आईला "आई" म्हणाली. दुपारनंतर परत ग्लानी. औषध सलाईनमधून चालू केलंय, रिपोर्ट उद्या.
संध्याकाळी संभाचा फोन आला. वैशालीची आई आजारी नाही, ओवी इथं दवाखान्यात आहे, हे त्याला कळलं होतं. शिव्या देईल असं वाटलं. आवाज वेगळाच.
"दादा, ओवी कशी हाय?"
सांगितलं, जेवढं ठाऊक होतं तेवढं.
तो एकदम, "आज मूस निसटली रं हातातनं. भरलेली. पायावर न्हाई पडली, बाजूला सांडली. फरशी फुटली."
भट्टीतली तापलेली मूस. वितळलेली चांदी. दुकानात तो एकटा.
"कुठल्या हातातनं?"
"उजव्या. कुठल्या म्हंजे?" हसायला गेला. "घामानं निसटली आसंल."
"संभा, हात पुढं कर. तळवा खाली. मनगट वर उचलून बघ."
रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. तो करून बघत होता, एवढं मला कळलं.
"संभा?"
"वाईच थांब."
"उठतोय का?"
"आरं, थांब की." मग, "सकाळी एका गिऱ्हाइकाचं द्यायचं हाय दादा. तेवढं करून येतो."
"पेटवू नगंस. ऐक माझं. आत्ता कुलूप लाव आन स्टेशनवर जा."
फोन बंद झाला. कट केला की पडला हातातून, कळलं नाही.
वैशाली कॉटपाशी बसून माझ्याकडं बघतेय. तिला अजून सांगितलेलं नाही. परत लावतोय. वाजतोय, पण उचलत नाही.