जादा वॉरंटीचा ट्रॅक्टर

तात्या, आज बारामतीत नवी गाडी ठरवायला गेलो होतो. रंग, सीटकव्हर सगळं पक्कं झाल्यावर शोरूममधल्या मुलीनं विचारलं, "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी घेणार ना?" आणि मला एकदम तुमचं खाकरणं आठवलं. एखादी गोष्ट पटली नाही की तुम्ही बोलायचा नाहीत, नुसते खाकरायचात. बायको म्हणाली, घेऊन टाका, डोक्याला ताप नको. मी उद्या सांगतो म्हणालो आणि घरी येऊन तुम्हाला लिहायला बसलो.

नव्वद सालानंतर घेतलेला आपला पहिला नवा ट्रॅक्टर आठवला. आधीचा जुना तुम्ही स्वतःच खोलायचात, जोडायचात. बारामतीच्या डीलरकडं तुम्ही खुर्चीच्या कडेवर टेकलाय आणि कॉलेजात शिकणारा मी मोठ्या ऐटीत अटी वाचून दाखवतोय. एक वर्ष जादा वॉरंटी, पण इंजिनाला त्यांच्याच मिस्त्रीनं हात लावायचा. डिझेल पंपाच्या बोल्टांना तार ओवून शिशाचं सील ठोकलेलं. "म्हंजी ट्रॅक्टर आपला, आन पान्हा लावायचा दुसऱ्यानं?" तुम्ही विचारता. "तात्या, आता असंच असतंय," मी म्हणतो. तुम्ही खाकरता, माझ्याकडं बघता आणि हो म्हणता. पोरगा शिकलाय, चार माणसांत त्याचा शब्द खाली पडू नये, एवढाच तुमचा विचार असणार.

पहिल्याच हंगामात शेजारच्या रानातल्या आबांचा ट्रॅक्टर उसानं भरलेल्या ट्रॉलीसकट शेळगावच्या आपल्या पाणंदीच्या अरुंद वाटेत बंद पडला. डिझेल पंप गेला होता. ऊस वाळत होता, मागं बाकीच्यांच्या गाड्या अडल्या होत्या. हंगामात अडलेल्याला आपल्या ट्रॅक्टरचा पार्ट काढून द्यायचा, ही आपल्याकडची रीतच. आबांनीही एकदा त्यांचा सेल्फ-स्टार्टर काढून आपल्याला दिला होता. मी कॉलेजातून आलो, तर नवा ट्रॅक्टर गोठ्यापुढं उघडा, पंपाची जागा रिकामी आणि सील मातीत पडलेलं. पंप परत द्यायला आबा आले आणि मी त्यांच्यादेखत तुम्हाला बोललो. "वॉरंटी गेली सगळी. कळत न्हाय तर हात तरी लावू नका." तुम्ही एवढंच म्हणालात, "त्येंचा ऊस वाळत हुता रं." आबा मान खाली घालून पंप बसवायला लागले. तुम्ही पान्हा त्यांच्या हातात दिलात आणि घरात गेलात.

तो पंप नंतर कितीतरी वर्षं बिघडला नाही. वॉरंटी शाबूत असती तरी न वापरताच संपली असती. माझ्यासारख्या, गाडीचं बॉनेटही न उघडणाऱ्या माणसानं ती खुशाल घ्यावी. तुम्हाला ती घ्यायला लावणं चुकलं, आणि तिच्यापायी आबांसमोर तुमचा पाणउतारा करणं तर फारच चुकलं. फार वाईट वाटतं, तात्या. तुम्ही असताना हे सांगायला मला वेळ भरपूर होता, तोंड नव्हतं.

पण जास्त सलतं ते पुढच्या हंगामातलं. वरकुट्याचा तुमचा एक जुना ओळखीचा माणूस त्याच्या बंद पडलेल्या ट्रॅक्टरसाठी इंजिनाचं नोझल मागायला दारात आला. एरवी तुम्ही चहा व्हायच्या आत पान्हे बाहेर काढले असते. त्या दिवशी बाजेवरून उठलाही नाहीत. "पोराला इचारा. आता समदं त्योच बघतो." तो माणूस थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला. हळूहळू कुणी मागायला यायचंच बंद झालं, आणि तुम्हीही कुणाच्या अडल्यावेळी गेला नाहीत.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. तो माणूस नोझल मागायला आला त्या दिवशी मी बाहेर गेलोय असं तुम्हाला वाटलं असेल. मी आतल्या खोलीत होतो आणि सगळं ऐकत होतो. पुढं आलो नाही, कारण तुम्ही त्याला मला विचारायला सांगितलंत, याचं मला बरं वाटलं होतं.