इंजिनाचा हंडा

प्रति,
मा. विभागीय अभियंता (जमीन व मालमत्ता),
रेल्वे कार्यालय.

विषय : मौजे काळेमाळ येथील बंद स्टेशनच्या विहिरीचे कुलूप काढणेबाबत.
संदर्भ : विहिरीच्या दारावर आपण डकवलेली नोटीस.

महोदय,

आपल्या कार्यालयाने आमच्या गावाचे पाणी तोडले आणि वर कारणही खोटे लिहिले. नोटिशीत म्हटले आहे, ‘रेल्वेच्या जागेवर अनधिकृत पूजास्थान’. तिथे देव नाही, शेंदूर नाही, साधी नारळाची शेंडी नाही.

१. ही विहीर छोट्या गाडीच्या इंजिनासाठी आमच्या पणज्यांनी खोदली. तेव्हा ठरले की इंजिन आधी पिणार, मग गाव. गाडीचा धूर दिसला की बाया दोर सोडून बाजूला व्हायच्या. स्टेशनमास्तर कुणाला हटकत नसे. लिहून कुणी घेतले नाही, शब्द होता.

२. रूळ रुंद झाले, मार्ग टेकडीपलीकडून गेला, स्टेशन बंद पडले. आमचा शब्द बंद पडला नाही. कुलूप लागेपर्यंत बाया दर सोमवारी पहिला हंडा जुन्या रुळांच्या जागी ओतत. आपले साहेब पाहणीला आले तेव्हा माझ्या चुलती धुरपताबाई तो ओतत होत्या. साहेबांनी विचारले, “हे कोणत्या देवाला?” चुलती म्हणाल्या, “देवाला कशाला? तुमच्याच इंजिनाला. लई तहानायचं बिचारं.” साहेब हसले नाहीत. फोटो काढून गेले आणि मागून कुलूप आले.

३. आता बाया टेकडीपलीकडचे नवे रूळ ओलांडून तिकडच्या हातपंपावर जातात. परवा चुलती थोडक्यात वाचल्या, हंडा गाडीखाली गेला. घरी येऊन म्हणाल्या, “शिवा, इतकी वर्सं पाणी पाजलं त्याला. आता माणूस मागतंय व्हय?”

४. आपल्याकडे विचारले तर बाबू सांगतात, काळेमाळ नावाचे स्टेशन दप्तरी नाही. स्टेशनच नव्हते तर विहीर आपली कशी? विहीर आपली नाही तर कुलूप कुणाचे? आणि स्टेशन होते म्हणत असाल, तर त्या स्टेशनचा शब्दही होता. तो पाळा.

कुलूप काढणार की नाही? येत्या सोमवारी चुलती स्वतः आपल्या दारात येतील. उत्तर त्यांच्या तोंडावर द्यावे.

आपला
(‘नम्र’ पाणी मिळाल्यावर लिहीन)
शिवलिंग मल्लाप्पा हत्तरगे
मु. काळेमाळ, जि. धाराशिव
दि. १६ एप्रिल २०२५

सोबत : गाडीखाली चेपलेला तांब्याचा हंडा. उत्तरासह परत करावा.