चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

आबा, पुंगळी कशी निवडायची हे तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत. मी पाहून शिकले, आणि अर्धवट शिकले. इंदापूरच्या बाजारात आपलं बंदूक दुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या, खिडकीखाली तुमचं बाकडं. लासुर्ण्याचे सुभेदार बार उडवून रिकाम्या झालेल्या, रायफलीच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पिशवीतून आणायचे. त्या दारू आणि गोळी घालून पुन्हा भरायच्या असत. भरणं अर्ध्या दिवसाचं, निवडणं दोन दिवसांचं. तुम्ही एकेक पुंगळी उजेडात फिरवायचात. तोंडाला चीर आहे का, बुडावरचा छाप एकाच कारखान्याचा आहे का. मग सोनाराच्या काट्यावर वजन, कारण जड आणि हलक्या मिसळल्या की गोळ्या एका जागी बसत नाहीत. शेवटी बुडाच्या जरा वर, पितळ ताणून पातळ होतं तिथे, एक फिकट चकाकती रेघ उमटते का ते. ती दिसली की पुंगळी बाद. दिसली नाही तरी टोक वाकवलेली तार आत घालून तुम्ही डोळे मिटून भिंत चाचपायचात. "पितळ ताणतं, परत येतं," तुम्ही सुभेदारांना एकदा सांगत होता, "पर दर बारीला थोडं कमी येतं." सुभेदार म्हणाले, "म्हंजे माझ्या गुडघ्यावानीच की, मिस्त्री."

ज्या दिवाळीचं हे लिहितेय, त्या वर्षी मी नवऱ्याचं घर सोडून आले होते. वय तीस, शाळेत मराठी शिकवत होते. तुम्ही दार उघडलंत, ट्रंक आत घेतलीत, आणि नंतर दोन महिने आपण जेवणापुरतं बोललो. गल्लीतल्या बायका मला ऐकू येईल अशा बेताने बोलत. एक तर दुकानात येऊन तुम्हालाच म्हणाली, "पोरगी किती दिस ठिवायची, आबा?" तुम्ही कानस थांबवली नाहीत.

दिवाळीच्या आधी तुम्ही स्प्रिंगा आणायला बारामतीला गेला होता. मी मागच्या अंगणात आईची भांडी काढली. ती गेल्यापासून घंगाळ काळं पडलं होतं. चिंच, राख, काथ्या. समई निघाली, तांब्या निघाला, घंगाळ निघालं. मग बाकड्यावरचे सुभेदारांच्या पुंगळ्यांचे दोन डबे दिसले. डबे दोन का आहेत, हे मी मनात आणलं नाही. पितळ काळं दिसलं एवढंच. दोन्ही डबे एका घमेल्यात ओतले आणि दुपारभर पुंगळ्या घासल्या. वाटलं, तुम्ही याल, बघाल, काहीतरी बोलाल.

तुम्ही आलात. फडक्यावर वाळत घातलेल्या पुंगळ्यांसमोर पिशवी न ठेवता उभे राहिलात. "बाद केल्याल्या कंच्या?"

"सगळ्या त्यातच आहेत."

"देवाची भांडी न्हाईत गं ही."

आवाज चढला नव्हता. चिंचेने आणि राखेने रेघा पुसून गेल्या होत्या. उरली होती ती तार, आणि तुमच्या बोटांना तेव्हा कंप सुटू लागला होता. दोन दिवस तुम्ही चाचपत बसलात. निम्म्याहून जास्त फेकल्यात. उरलेल्याही भरल्या नाहीत, नुसत्या बाकड्यावर ठेवल्यात.

सुभेदार येतात. पुण्यातली नेमबाजीची स्पर्धा चार दिवसांवर आली आहे. "आयला, सोन्याच्या केल्या का काय!"

"ह्या नगं. नव्या आणा," तुम्ही म्हणता.

"नव्या काय बाजारात पाटीत मिळत्यात? परवाना, अर्ज, साहेबाची सही, तवर मी वर जातोय. काय झालंय ह्यांना?"

मी चहा घेऊन दारात उभी आहे. सुभेदार माझ्याकडे बघतात, मग पुंगळ्यांकडे. "घासल्या कुणी?"

"म्या," तुम्ही म्हणता. "सण हाय म्हणून."

बाद पुंगळ्या चांगल्यांत मिसळल्या, एवढं सांगितलं असतंत तर पुरलं असतं. पण तुमच्या हातून तसं होणं शक्य नाही, हे सुभेदारांना माहीत होतं. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं असतं, आणि आठवड्याच्या बाजारापर्यंत सगळ्यांना कळलं असतं की घर मोडून आलेल्या पोरीने बापाचं कामही बिघडवलं. नाही म्हणायला दुसरं कारण उरलं नाही. तुम्ही पुंगळ्या पुन्हा चाचपल्यात, वीस निवडल्यात आणि भरून दिल्यात.

सुभेदार सरावाला आपल्या माळावर गेले. तिसऱ्या बाराला पुंगळी बुडाजवळ फाटली आणि जाळ मागे आला. त्यांचा उजवा डोळा गेला. बारामतीच्या दवाखान्यात तुम्ही तीन दिवस व्हरांड्यात बसून होता. परत आलात, परवाना कचेरीत नेऊन दिलात आणि दुकानाला कुलूप लावलंत. लोक म्हणाले, मिस्त्रीचा हात गेला. पुढची दोन वर्षं तुम्ही ओट्यावर बसून हेच ऐकलंत. एकदा जेवताना मी सुरुवात केली, "आबा, त्या पुंगळ्या…" तुम्ही म्हणालात, "भाजीला मीठ कमी हाय." मीठ बरोबर होतं.

तुमच्या तेराव्याला सुभेदार आले. काळा चष्मा, जावयाच्या खांद्यावर हात; उरलेल्या डोळ्यालाही आता धूसर दिसत होतं. पंगत उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, राग न्हाय माझा. पर एक सांगा. चिंच लावली की रेघ जाती, हे मिस्त्रीनीच मला शिकवल्यालं. मग त्यांनी लावली कशी?"

अंगणात बायका खरकटं काढत होत्या. त्यांचे हात थांबले होते.

मी म्हणाले, "शेवटी शेवटी त्यांच्या ध्यानात राहत नव्हतं काही."

सुभेदारांनी मान हलवली. "व्हय. वय झालं की हुतं आसं." मग चष्म्याखालून रुमाल फिरवला आणि गेले.

आबा, तुम्ही माझं नाव एकदा झाकलंत. तुमचं नाव मी त्या दिवशी स्वतः पुसलं, तुम्ही नसताना, कुणी मागितलं नसताना. हे तुम्हाला लिहायला सोपं जातं, कारण तुम्ही वाचणार नाही. सुभेदार अजून आहेत, त्यांची नात पत्रं वाचून दाखवते म्हणतात. लासुर्ण्याची एसटी माझ्या शाळेसमोर थांबते. या कागदाच्या वर 'आबा' खोडून 'सुभेदार' लिहिलं आणि आत 'तुम्ही'च्या जागी 'आबा' केलं, तर पुढे फारसं बदलावं लागणार नाही. मी खोडलेलं नाही.