कढीबाबत खुलासा

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

अमरावती,
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप चंद्रभानभाऊंना धाकटी बहीण मनकर्णा हिचा वाकून नमस्कार. वहिनींनाही नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? बगिच्यातली संत्र्यांची तोड संपली का? वरूडला थंडी पडली असेल तर सकाळी मळ्यात कान बांधून जात जा. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे यांचा खोकला सोडून आणि तुम्हाला माहीत आहे ते सोडून. (या कागदाच्या मागच्या बाजूला त्रिकोणमितीची गणितं छापलेली आहेत. आमची रागिणी शिकवते त्या क्लासमधले एका बाजूने कोरे कागद मी फेकू देत नाही. ती गणितं तुमच्यासाठी नाहीत, सोडवत बसू नका.)

तुमचा मेसेज मिळाला. तीनदा वाचला. त्यात एकही पूर्णविराम नसल्यामुळे कुठे थांबून श्वास घ्यावा ते कळलं नाही, पण राग पोचला. अकोल्याच्या केशवरावांनी तुम्हाला फोन केला, मुलीकडचे टाळाटाळ करून राहिले म्हणाले, आणि रागिणीसाठी त्यांच्या अंकुरचं स्थळ तुम्हीच आणलेलं, तेव्हा चार लोकांत तुमची मान खाली गेली, हे सगळं बरोबर आहे. येत्या रविवारी संत्र्याच्या दोन पेट्या घेऊन तुम्ही माफी मागायला अकोल्याला निघणार, हेही समजलं. निघण्याआधी नेमकं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता. कागदावर तुम्हाला मधे बोलता येत नाही.

याची सुरुवात आमच्या शिवमपासून झाली. दिवाळीला पुण्याहून आला तेव्हा त्याने मला मेसेजच्या रीतीभाती शिकवल्या. आजवर मी त्याला मेसेज लिहायची तो पत्रासारखा. चिरंजीव शिवम यास अनेक आशीर्वाद इथपासून सुरुवात, मग यांची तब्येत, शेजारच्या पार्बताबाईंचा मोतीबिंदू, नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं ते, आणि शेवटी कळावे. त्याचं उत्तर यायचं 'के'. नुसतं एक इंग्रजी अक्षर. पहिल्यांदा आलं तेव्हा मला वाटलं, पोरगं लिहायला बसलं आणि मधेच त्याला काही झालं. दिवसभर अंबादेवीला हात जोडत होते. संध्याकाळी कळलं की ते ओकेचं अर्धं आहे. (मी पानभर लिहिलं आणि त्याला अख्खं ओके जड झालं. असो.) तर तो म्हणाला, आई, लोकांना वेळ नसतो, लांबण लावायची नाही. विचारल्याशिवाय एकदम फोन करायचा नाही, ते उद्धटपणाचं दिसतं. शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही, माणूस रागावल्यासारखं वाटतं. समोरच्याला माहीत आहे ते परत लिहायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं. मॅट्रिकला पत्रलेखनात मला दहापैकी नऊ मार्क होते. त्या नऊ मार्कांवर पाणी सोडून मी या वयात नव्याने शिकले.

एक सवय मात्र गेली नाही. फोनमधलं कधी काय पुसलं जाईल याचा भरवसा नाही, म्हणून कामाचा मेसेज आला की तो आणि माझं उत्तर मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर तारखेसह उतरवून ठेवते. पुढचं सगळं त्या वहीतूनच देते.

गेल्या महिन्यात अकोल्याची मंडळी मुलगी पाहायला आली तेव्हा मी कढीगोळे केले होते. तुम्ही होताच. अंकुरच्या आईने, गीतांजलीताईंनी, तीनदा कढी घेतली आणि जाताना म्हणाल्या, आता तुम्ही आमच्याकडे जेवायला या. पुढचा सगळा घोळ त्या तीन वाट्यांवर उभा आहे. चौदा तारखेला सकाळी त्यांचा मेसेज आला. बाई मराठीच लिहितात पण इंग्रजी अक्षरांत, आणि एका वाक्याचे चार तुकडे करून पाठवतात. पहिल्या तुकड्यात होतं 'नमस्कार ताई'. दुसऱ्यात 'सोयरीक पक्की'. मग मधेच शुभ सकाळचा भला मोठा गुलाब. आणि गुलाबाखाली शेवटचा तुकडा, ज्यात पुढे 'करायची' होतं आणि आधी के, ए, डी, एच, आय. आता गुलाबाच्या वर काय आहे ते पाहायचं तर बोटाने ओढावं लागतं. मी ओढलं नाही. मला दिसलं ते एवढंच: कढी करायची? भाऊ, इंग्रजीत 'कधी' आणि 'कढी' एकाच अक्षरांनी लिहितात, हे त्या भाषेतल्या लोकांना कसं चालतं कोण जाणे. तीन वाट्या घेतलेली बाई विचारते म्हटल्यावर मला कढीच दिसणार. वाटलं, आपण जेवायला जाणार म्हणून आधी विचारून घेते, किती रीतीची बाई. मीही रीतीने, शिवमने सांगितलं तसं, विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं: 'इतक्यात नको यांना खोकला आहे'

दोन दिवसांनी पुन्हा मेसेज, पुन्हा तीच पाच अक्षरं. 'तरी अंदाजे कढी?' मला वाटलं, बाई बेसन-ताकाचं माप घेत नाहीत, अंदाजाने करतात. हे मला पटण्यासारखं नव्हतं. लिहिलं: 'अंदाजे मुळीच करू नका घाई केली की फाटते' (यात कढी हा शब्द घातला असता तर आज ही वेळ आली नसती. पण कसा घालणार? समोरच्याला माहीत आहे ते परत लिहायचं नाही ना.) मग तीन दिवस काहीच नाही. आणि मग शेवटचा मेसेज: 'म्हणजे कढी होणारच नाही का?' मला वाटलं, हातून साधत नाही म्हणून हिरमुसली बिचारी. मी धीर दिला: 'नाही झाली तरी काही बिघडत नाही मनाला लावून घेऊ नका' आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. याच उत्तरावर केशवरावांनी तुम्हाला फोन लावला.

उलगडा झाला तो रागिणीमुळे. सिलिंडर कोणत्या तारखेला लावलं ते पाहायला तिने वही उघडली आणि मागचं पान वाचलं. म्हणाली, "आई, ही कढी कोण करून राहिलं व?" मी म्हटलं, गीतांजलीताई. "अवं माय, कढी नाही व, कधी! लग्नाचं विचारून राहिल्या त्या!" आणि मटकन खाली बसून ओढणीत तोंड घालून हलायला लागली. मला वाटलं, रडते. बऱ्याच वेळाने कळलं, हसते. (नंतर थोडी रडलीही, पण ते वेगळं.)

तुमचा मेसेज शिवमलाही गेला होता. त्याने रागिणीकडून वहीच्या पानाचा फोटो मागवला आणि मला न विचारता पुण्याहून केशवरावांना ईमेल पाठवला. विषय लिहिला 'कढीबाबत खुलासा'. खाली तिन्ही मेसेज, तिन्ही उत्तरं, क्रमांक घालून. केशवरावांचं सगळं आयुष्य सरकारी कचेरीत गेलेलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'आपला खुलासा प्राप्त. मुद्दा एक व दोन मान्य. मुद्दा तीन समाधानकारक नाही.' आता सवयीला काय करणार.

तर भाऊ, असं झालं. दोन बायका एकमेकींशी अतिशय सभ्यपणे बोलल्या आणि त्यात हे रामायण घडलं. जन्मात मी एवढं कमी लिहिलं नव्हतं आणि एवढा घोटाळाही केला नव्हता. आता मी फार दमले आहे. तुम्ही रविवारी जाल तेव्हा हे पत्र सोबत न्या, म्हणजे तोंडी सांगताना काही सुटणार नाही. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतात, आधी नाही. महाराज सगळ्यांना सुखी ठेवोत.

तुमची बहीण,
मनकर्णा

ता.क. रविवारी अकोल्याला जाऊ नका. संत्री तोडून ठेवली असतील तर व्यापाऱ्याला देऊन टाका.

ता.क. दुसरा. मुद्दा तीनबद्दल केशवरावांचं म्हणणं बरोबर आहे. तो मेसेज रागिणीने वही वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी आला होता. तुकडे नव्हते, गुलाब नव्हता, आणि 'सोयरीक' हा शब्द त्यात धडधडीत होता. वर मी तो आधीचा म्हणून लिहिला आणि शब्द गाळला. गुरुवारच्या उपासाला खोटं लिहून पाकीट बंद करवेना. वरचं खोडत नाही, पान खराब होईल. खरं असं आहे की रागिणीला हे स्थळ नको आहे. मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत, पण तिने या वर्षी स्वतःची बॅच सुरू केली आहे, चाळीस पोरं आली आहेत, आणि तिला अमरावती सोडायची नाही. मी विचारलं, मग तेव्हा हो काहून म्हणाली? तर म्हणे, "मामाले नाही कोण म्हणन?" मी म्हटलं, मले तर सत्तावन वर्षांत जमलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. तोच तो तिसरा मेसेज. मग उत्तर दोघींनी मिळून लिहिलं.

ता.क. तिसरा. तेही चुकलंच. नाही म्हणायचं तर नाही असं लिहावं, समोरच्या बाईला कोड्यात ठेवू नये. म्हणून गीतांजलीताईंना मी आत्ताच वेगळं पत्र लिहिलं आहे, पूर्णविरामांसह, ते याच टपालाने जाईल. त्यात कढीचीही माफी आहे आणि नकारही आहे. तेव्हा आता तुम्ही फक्त एवढं करा, रागिणीला काही बोलू नका. रागवायचं तर माझ्यावर रागवा. आणि उत्तर द्या. एका शब्दाचं दिलं तरी चालेल, पण शब्द द्या. अंगठ्याचं चित्र पाठवू नका, त्यातून तुमचं मन मला कळत नाही. लिहिण्याआधी वहिनींना विचारा. त्यांना मी परवाच सगळं सांगितलं आहे.